ऑलिम्पिकचा निकाल वाचायचा कसा? विद्यार्थ्यांसाठी शब्द आणि त्यामागचे नियम

‘स्वप्नील कुसाळेमुळे भारताला ऑलिम्पिक पात्रता मिळाली’ आणि ‘पात्रता फेरीत स्वप्नील सातवा आला’ ही दोन वाक्ये घ्या. दोन्हीत शब्द तोच आहे, पात्रता. पण पहिली गोष्ट घडली ऑक्टोबर २०२२ मध्ये, कैरोच्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत. दुसरी घडली ३१ जुलै २०२४ ला, फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर, म्हणजे प्रत्यक्ष पॅरिस ऑलिम्पिकमध्ये. मध्ये पावणेदोन वर्षे गेली. नव्याने खेळ पाहू लागलेला विद्यार्थी इथेच पहिल्यांदा अडखळतो, कारण शब्द त्याच्या ओळखीचा असतो, त्यामागचा नियम मात्र नसतो.

म्हणून ऑलिम्पिकचे शब्द शब्दकोशासारखे अकारविल्हे पाठ करू नका. खेळाडू घरापासून पदकाच्या व्यासपीठापर्यंत ज्या क्रमाने जातो, त्याच क्रमाने शिका. पुढचे उन्हाळी ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला १४ ते ३० जुलै २०२८ या काळात आहे. रोज पाच शब्द धरले तरी त्याआधी सगळे सहज होतात.

आधी वही

शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात मराठी वर्तमानपत्रात तो कसा छापतात ते, तिसऱ्यात नियम एका वाक्यात, चौथ्यात एक खरा निकाल. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. उदाहरण सापडेपर्यंत तो रिकामा ठेवा, पण मनाने काही भरू नका. ‘रेपेचेज म्हणजे दुसरी संधी’ एवढेच लिहिलेले दोन दिवसांत विसरते. ‘साक्षी मलिक, रिओ २०१६’ असे समोर लिहिले की विसरत नाही.

मराठी शब्द मिळाला तर तोच वापरा, पण ओढूनताणून नको. भालाफेक, गोळाफेक, थाळीफेक, हातोडाफेक, तिहेरी उडी, तिरंदाजी, नेमबाजी, मुष्टियुद्ध, जलतरण हे शब्द शाळेच्या मैदानापासून वर्तमानपत्रापर्यंत रुळलेले आहेत. हीट, रेपेचेज, स्नॅच, पेनल्टी कॉर्नर यांना मात्र तसेच राहू द्या. त्यांचे भाषांतर केले तर समोरच्याला कळत नाही, आणि शब्दाचा उपयोगच संपतो.

पायरी १: स्पर्धेचे नाव

ऑलिम्पियाड म्हणजे स्पर्धा नव्हे. तो चार वर्षांचा कालखंड आहे आणि त्यात होणारी स्पर्धा म्हणजे ऑलिम्पिक. पॅरिसची स्पर्धा ३३ व्या ऑलिम्पियाडची होती, लॉस एंजेलिसची ३४ व्या. मोजणी १८९६ च्या अथेन्सपासून होते. महायुद्धांमुळे १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा झाल्याच नाहीत, तरी त्यांचे क्रमांक मोजलेले आहेत, कारण काळ काही थांबला नव्हता. म्हणून ‘आतापर्यंत ३३ उन्हाळी ऑलिम्पिक झाली’ हे वाक्य चूक आहे. झाली ३०. टोकियोची स्पर्धा २०२१ मध्ये भरली, पण तिचे अधिकृत नाव ‘टोकियो २०२०’ असेच आहे. वर्ष लिहिताना दोन्ही सांगा.

पॅरालिम्पिक ही त्याच शहरात काही दिवसांनी होणारी वेगळी स्पर्धा. तिचा निकाल वाचायला एक जास्तीची खूण लागते, ती म्हणजे वर्ग. ‘एफ४६’ मधले ‘एफ’ हे अक्षर फेकींसाठी, धावणे आणि उड्यांसाठी ‘टी’, आणि आकडा अपंगत्वाचा प्रकार सांगतो. आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीचे पॅरिसमधले रौप्य गोळाफेक एफ४६ मधले, १६.३२ मीटरचे. वर्ग गाळून नुसते ‘गोळाफेकीत रौप्य’ लिहिले तर माहिती अर्धीच राहते.

पायरी २: खेळ, शाखा, प्रकार

पॅरिसमध्ये ३२ खेळ, ४८ शाखा आणि ३२९ प्रकार होते. जलक्रीडा हा खेळ. जलतरण, सूर मारणे, वॉटर पोलो या त्याच्या शाखा. महिलांची १०० मीटर बटरफ्लाय हा प्रकार. पदके मिळतात ती प्रकाराला, म्हणून ३२९ प्रकार म्हणजे ३२९ वेळा पदकवितरण.

आपल्याकडे ‘क्रीडाप्रकार’ हा एकच शब्द तिन्ही अर्थांनी वापरतात आणि गोंधळ होतो. ‘भारत १६ क्रीडाप्रकारांत उतरला’ याचा अर्थ खेळ की पदकाचे प्रकार, हे वाक्यावरून कळत नाही. वहीत हे तीन शब्द पक्के वेगळे ठेवा.

ॲथलेटिक्स म्हणजे तालुका-जिल्हा पातळीवर ज्याला आपण मैदानी स्पर्धा म्हणतो तेच. क्रिकेट २०२८ ला येत आहे, टी-२० स्वरूपात. याआधी ते फक्त १९०० मध्ये पॅरिसला खेळले गेले होते. स्क्वॉश मात्र २०२८ ला पहिल्यांदाच असेल.

पायरी ३: दार कसे उघडते

इथे तीन शब्द: कोटा, प्रवेश निकष, क्रमवारी.

नेमबाजीतला कोटा, म्हणजे ऑलिम्पिकमधली जागा, बहुतांशी देशाचा असतो. खेळाडू तो जिंकतो, पण त्या जागेवर कोणाला पाठवायचे ते देश ठरवतो. म्हणून कैरोत चौथा येऊन कोटा मिळवल्यावरही स्वप्नीलला २०२४ मध्ये निवड चाचण्या द्याव्या लागल्या. ‘कोटा मिळाला म्हणजे तिकीट पक्के’ असे समजणे ही फार नेहमीची चूक आहे.

ॲथलेटिक्समध्ये उलट आहे. तिथे ठरलेली वेळ किंवा अंतर, म्हणजेच प्रवेश निकष, गाठणारा खेळाडू स्वतःच्या नावावर पात्र ठरतो आणि उरलेल्या जागा जागतिक क्रमवारीने भरतात. मात्र एका वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीनच खेळाडू असतात.

पायरी ४: फेऱ्या

साखळी फेरीत गटातले सगळे एकमेकांशी खेळतात, बाद फेरीत हरलेला घरी जातो. हे क्रिकेटमुळे सगळ्यांना ठाऊक असते. चुकते ते उपांत्यच्या आसपास. अंत्य म्हणजे शेवटची, उपांत्य म्हणजे शेवटच्या अलीकडची, चार जणांची फेरी. तिच्या आधीची आठ जणांची फेरी उपांत्यपूर्व. व्युत्पत्ती एकदा नीट लक्षात घेतली की पुन्हा घोकावे लागत नाही.

मानांकन आणि क्रमवारी हेही सारखे नव्हेत. क्रमवारी म्हणजे जगातले स्थान, ते बदलत राहते. मानांकन फक्त त्या स्पर्धेपुरते. बलाढ्य खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून सोडतीआधी ते ठरवतात. जगात बारावी असलेली खेळाडू एखाद्या स्पर्धेत दहावी मानांकित असू शकते, कारण वरच्यांपैकी दोघी आलेल्याच नसतात. ‘पुढे चाल’ हा आपल्या खेळपानांचा खास शब्द. सोडतीत प्रतिस्पर्धीच नसला, किंवा असून तो उतरला नाही, तरी तोच वापरतात. निकालपत्रात या दोन वेगळ्या नोंदी असतात. वहीत दोन ओळी करा.

आता रेपेचेज. मूळ फ्रेंच शब्दात मासा पुन्हा पाण्यातून वर काढण्याचा अर्थ आहे. ऑलिम्पिक कुस्तीत अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोन मल्लांकडून वाटेत जे हरले, त्यांना कांस्यपदकासाठी परत बोलावतात. साक्षी मलिक रिओत ५८ किलो गटात उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या व्हॅलेरिया कोब्लोव्हाकडून हरली. त्या क्षणी साक्षीच्या हातात काहीच नव्हते. पुढे कोब्लोव्हा अंतिम फेरीत गेली, म्हणून साक्षीला दार उघडले. तिने आधी मंगोलियाच्या मल्लाला हरवले, मग किर्गिझस्तानच्या मल्लाला ८-५ असे नमवून कांस्य मिळवले. कोब्लोव्हा उपांत्य फेरीत हरली असती, तर साक्षीची स्पर्धा संपली होती. गावच्या फडात चीतपट झालेला मल्ल त्या दिवसापुरता संपतो, मॅटवर तसे नाही, हे कुस्ती पाहत वाढलेल्या मुलांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

रेपेचेजमुळे कुस्तीत प्रत्येक वजनगटात दोन कांस्यपदके असतात. मुष्टियुद्धातही दोन असतात, पण कारण वेगळे आहे. तिथे उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही लढतीविनाच कांस्य मिळते. नौकानयनात रेपेचेज आहे, पण तिथे त्याचा अर्थ हीटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गटवार शर्यतीत, मागे पडलेल्या नौकांची जादा शर्यत. पॅरिसमध्ये २०० ते १५०० मीटरच्या धावण्यात आणि अडथळ्यांच्या शर्यतींतही ते प्रथमच आले. शब्द तोच असला तरी प्रत्येक खेळात नियम तपासा.

वजनगटांची जुनी नावेही वहीत हवीत, कारण जुने निकाल त्याच नावांनी सापडतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक विजेते ठरले. बँटमवेट म्हणजे तेव्हाचा ५७ किलो, आणि शैली फ्रीस्टाइल. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही, फ्रीस्टाइलमध्ये चालते. वजन स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी घेतात. विनेश फोगाट पॅरिसमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती, पण दुसऱ्या सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि नियमाने ती संपूर्ण गटातच बाद झाली. त्यामुळे रौप्यही नाही.

पायरी ५: नावापुढची अक्षरे

धावण्याच्या निकालपत्रात नावासमोर एक इंग्रजी ‘क्यू’ दिसतो, कधी मोठा, कधी छोटा. मोठा क्यू म्हणजे क्रमांकाच्या जोरावर पुढे. छोटा क्यू म्हणजे क्रमांकाने नाही, पण उरलेल्यांतल्या चांगल्या वेळेवर पुढे. हा भेद कळण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे ३००० मीटर स्टीपलचेसमधले (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत) दोन निकाल शेजारी ठेवा.

टोकियोत तीन हीट होत्या. प्रत्येकीतले पहिले तीन मोठ्या क्यूने आणि सगळ्यांत मिळून पुढचे सहा वेगवान छोट्या क्यूने जाणार होते. साबळे आपल्या हीटमध्ये सातवा आला. वेळ ८:१८.१२, नवा राष्ट्रीय विक्रम, तरी बाहेर. तिसऱ्या हीटमधले पहिले तिघे त्याच्यापेक्षा सावकाश धावले होते, पण क्रमांकामुळे ते पुढे गेले. पॅरिसमध्ये नियम बदलला होता. छोटा क्यू नव्हताच, प्रत्येक हीटमधले पहिले पाच जाणार होते. साबळे ८:१५.४३ वेळेत पाचवा आला आणि अंतिम फेरीत पोहोचला. तिथे तो ८:१४.१८ वेळेत अकरावा आला. विक्रम करूनही बाहेर कसा, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर या एका अक्षरात आहे. म्हणून शर्यत सुरू होण्याआधी ‘किती जण, कशावर’ हे पाहून ठेवा. पडद्यावर ते काही सेकंद दिसते आणि निघून जाते.

बाकीची अक्षरे पटकन होतात. डीएनएस म्हणजे उतरलाच नाही. डीएनएफ म्हणजे उतरला पण पूर्ण केले नाही. डीक्यू म्हणजे नियमभंगामुळे बाद. एनएम म्हणजे एकही वैध प्रयत्न नाही. पीबी ही आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी, एसबी या मोसमातली, एनआर राष्ट्रीय विक्रम, ओआर ऑलिम्पिक विक्रम, डब्ल्यूआर जागतिक विक्रम. शेवटच्या दोघांत गफलत होते. पाकिस्तानच्या अर्शद नदीमची पॅरिसमधली ९२.९७ मीटरची भालाफेक ऑलिम्पिक विक्रम आहे. जागतिक विक्रम अजून यान झेलेझ्नीच्या ९८.४८ मीटरचाच, १९९६ पासूनचा.

फेकी आणि लांब उडीच्या तक्त्यात फुलीसारखे अक्षर म्हणजे फाउल, आडवी रेघ म्हणजे प्रयत्न सोडून दिला. पॅरिसमध्ये भालाफेकीच्या अंतिम फेरीत १२ जणांना तीन-तीन फेकी मिळाल्या, मग पहिल्या आठांना आणखी तीन. नीरज चोप्राची पॅरिसमधली ओळ पाहा. सहा फेकींत पाच फुल्या आणि दुसऱ्या ठिकाणी ८९.४५. सरासरी, बेरीज असे काही नाही, एकच चांगली फेक धरतात, म्हणून त्या एका आकड्यावर रौप्य. उंच उडीत मात्र फुल्यांना किंमत असते. लागोपाठ तीन फुल्या म्हणजे बाहेर, आणि दोघे एकाच उंचीवर थांबले तर आधी त्याच उंचीवरच्या आणि मग एकूण फुल्या मोजतात. तरीही बरोबरी राहिली तर जादा उड्या, नाहीतर सुवर्ण वाटून घेणे. टोकियोत मुताझ बार्शिम आणि जियानमार्को तांबेरी २.३७ मीटरवर बरोबरीत राहिले आणि दोघांनी सुवर्ण वाटून घेतले. अशा वेळी रौप्य दिले जात नाही, तिसरा येतो त्याला कांस्य.

पायरी ६: आकडा वाचणे

८:१४.१८ हे ‘आठ मिनिटे, चौदा सेकंद, अठरा शतांश’ असे वाचतात. मिनिटांनंतर विसर्गचिन्हासारखे दोन टिंब, सेकंदांनंतर एक टिंब. दोन्हीकडे एकच टिंब दिले तर वाचणारा फसतो. ९.८ आणि ९.८० हेही एक नव्हे. पहिला दशांशापर्यंत मोजलेला, दुसरा शतांशापर्यंत. शून्य गाळू नका.

शतांशाची किंमत काय असते हे पी. टी. उषाच्या निकालात दिसते. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांत तिसरीची वेळ ५५.४१ आणि उषाची ५५.४२. पॅरिसमध्ये पुरुषांच्या १०० मीटरमध्ये तर शतांशही पुरला नाही. नोआ लायल्स आणि किशेन थॉम्पसन दोघेही ९.७९. फोटो फिनिशमध्ये सहस्रांश पाहिले, तेव्हा ९.७८४ आणि ९.७८९ निघाले. रेषेवर धड कधी पोहोचले ते मोजतात, डोके, हात किंवा पाय नव्हे. थॉम्पसनचा पाय आधी पोहोचला होता की नाही याला म्हणून अर्थ नाही. सुरुवातीचेही असेच: बंदुकीनंतर ०.१०० सेकंदाच्या आत जो हलला त्याचा फॉल्स स्टार्ट, कारण आवाज ऐकून इतक्या लवकर हलता येत नाही असे मानतात.

नेमबाजीत दोन मोजण्या आहेत, आणि स्वप्नीलची स्पर्धा समजून घ्यायला दोन्ही लागतात. प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभे राहून, या क्रमाने. पात्रता फेरीत प्रत्येक स्थितीत २० असे ६० नेम, प्रत्येकाचे गुण पूर्णांकात, कमाल ६००. स्वप्नीलने ५९० केले आणि पहिल्या आठांत सातवा आला. अंतिम फेरीत सगळ्यांची पाटी कोरी होते. ५९० तिथे येत नाहीत. आता गुण दशांशात, एका नेमाला जास्तीत जास्त १०.९. गुडघ्यावरून १५, झोपून १५, उभ्याने १० नेम झाले की शेवटचे दोघे बाहेर. त्यानंतर प्रत्येक नेमानंतर एक जण बाहेर. ४४ व्या नेमानंतर स्वप्नील ४५१.४ वर थांबला, तो तिसरा. बाकीचे दोघे सुवर्णासाठी ४५ वा नेम मारायला उरले. सातव्यावरून तिसरा म्हणजे चमत्कार नव्हे, पाटी कोरी झाल्यावर उत्तम नेम, आणि तेच जास्त मोलाचे.

भारोत्तोलनात स्नॅच (वजन एका दमात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) यांचे तीन-तीन प्रयत्न, दोन्हींतल्या सर्वोत्तमाची बेरीज. मीराबाई चानू, टोकियो, ४९ किलो: ८७ अधिक ११५ बरोबर २०२. इथे ४९ तिचा वजनगट आणि २०२ उचललेले वजन. दोन्ही किलोत असल्यामुळे बातमी लिहिताना मुले सर्रास घोळ घालतात.

जलतरणात आकड्याइतकीच लेन पाहा. अंतिम फेरीत सर्वात वेगवान चौथ्या लेनमध्ये, मग पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली, आठवी. पहिल्या किंवा आठव्या लेनमधून कोणी पदक काढले, तर निवेदकाचा आवाज का चढतो ते यावरून कळेल.

पायरी ७: पदकतालिका

तालिका आधी सुवर्णांवर लागते, ती सारखी असतील तर रौप्यांवर, मग कांस्यांवर. एकूण पदकांवर नाही. पॅरिसमध्ये भारताची एक रौप्य आणि पाच कांस्य, एकूण सहा, क्रमांक ७१. पाकिस्तानचे एकच पदक, अर्शद नदीमचे सुवर्ण, क्रमांक ६२. काही देशांची माध्यमे एकूण पदकांवर तालिका लावतात. म्हणून आकडा उतरवताना ती कोणत्या पद्धतीची आहे ते वर लिहा.

सराव

ऑलिम्पिक नसताना सराव थांबवू नका. डायमंड लीग, आशियाई स्पर्धा किंवा जागतिक स्पर्धेतल्या एका प्रकाराचे निकालपत्र छापून घ्या. आधी नावे झाकून फक्त अक्षरे आणि आकडे वाचा, आणि काय घडले ते मराठीत पाच वाक्यांत लिहा: कोण पुढे गेले, कशावर गेले, कोण बाद झाले, का, आणि विक्रम कोणता. मग नावे उघडा आणि बातमीशी ताडून पाहा. सुरुवातीला फेकीचे प्रकार घ्या, कारण त्यांचे तक्ते सरळ असतात. मग हीट असलेल्या शर्यती, आणि कुस्तीचा तक्ता सगळ्यांत शेवटी. तो मात्र उजवीकडून डावीकडे वाचा. अंतिम फेरीतली दोन नावे आधी शोधा, त्यांच्याकडून कोण कोण हरले त्या रेषांवरून बोट मागे न्या, म्हणजे रेपेचेजमध्ये कोण उतरणार ते जाहीर होण्याआधीच तुम्हाला सांगता येईल.